राशीवरची हिरवी ताडपत्री

तीन एकरांतला गहू यंदा तासाभरात निघाला. सकाळी जामच्या रस्त्यानं ते अवाढव्य हार्वेस्टर आलं, शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडून आत शिरलं, फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिलं आणि मी दुसऱ्यांदा पाणी आणेपर्यंत शेत मोकळं झालं. धुऱ्यावरचा पळस फुलला आहे. अंगावर एक पान नाही, नुसता जाळ. त्या जाळाखाली मी उभा होतो. यंत्रवाल्यानं वरूनच विचारलं, "बाबाजी, ढोराईले कुटार पायजे काय?" मी उत्तर देणार तेवढ्यात वारा फिरला आणि ताज्या कापलेल्या काडाचा वास अंगावर आला. गोडसर, ओलसर, थोडा धुळीचा. मी पळसाला धरून खाली बसलो.

तो माणूस यंत्र बंद करून धावत आला. "ऊन लागलं काय?"

"नाई. तू तुयं काम कर."

ऊन मला लागत नाही. सत्तरी जवळ आली तरी लागत नाही.

फौजी म्हटला की लोकांना वाटतं, हा आवाजाला दचकत असेल. पुलगावला माझा साळा राहतो, दारूगोळ्याच्या डेपोत कामाला होता. त्यालाही तसंच वाटतं. दिवाळीत मी गेलो की तो गल्लीतल्या लोकांना सांगतो, जरा दमानं घ्या, आमचे भाऊजी लढाईवरून आलेले आहेत. मी त्याला कधी सांगितलं नाही की माझ्या कानाशी बॉम्ब फोडला तरी मी विडी विझू देणार नाही. मी भितो ते या काडाच्या वासाला. फागुनात हा वास गावभर असतो आणि फागुन दरवर्षी येतो.

लंकेत आपली फौज गेली होती, तीत मी होतो. त्याला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. तिथले शेवटचे वीस दिवस मला उलटे-सुलटे कसेही विचारा, सांगतो. बाकीचं दीड वर्ष धूसर झालं आहे. त्या वीस दिवसांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझा जीव वाचवला. आणि मी त्याचा घेतला की काय, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. चौथी शिकलेला माणूस मी, कागद-पेनाची सवय नाही. पण तोंडानं बोलून हे ठरत नाही असं दिसलं, म्हणून लिहायला बसलो.

तिथली माती तांबडी. आमच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ती आधी माती वाटतच नाही, वीटभट्टीवर उभे आहोत असं वाटतं. झाडं ताडाची आणि नारळाची. बोली कळत नाही. पाणी गोड, पण त्यात काहीतरी निराळं. मी मनाशी म्हणायचो, हे आपलं नाही, इथं आपलं काहीच नाही. असंच मानून राहिलेलं बरं असतं तिथं.

आणि मग एका सकाळी, रस्त्याची तपासणी करत चाललो असताना, मला खळं दिसलं.

शेणानं सारवलेलं, गोल, मधोमध खांब रोवलेला, त्याला बांधलेले दोन बैल भाताच्या पेंढ्यांवरून गोल गोल चाललेले. मागं एक म्हातारा, हातात काठी, कमरेला लुंगी, अंगात काही नाही. तोंडानं बैलांशी काहीतरी पुटपुटत होता. अगदी माझा बाप. वासही तोच, काडाचा. आमच्याकडे गव्हाच्या मळणीचे दिवस आणि इथं भाताच्या. मी समुद्र ओलांडून आलो होतो आणि समोर आमच्याच गावचं खळं होतं. त्याआधी गोळीनंही मी कधी असा चालता थांबलो नव्हतो.

हुकूम असा होता की गंजी, खळं, विहीर, काही न तपासता पुढं जायचं नाही. बाकीचे जवान लोखंडी सळया घेऊन गंजीकडे वळले. मी खळ्याच्या कडेला बसलो आणि बुटाच्या नाड्या सोडू लागलो.

आमचे हवालदार साताऱ्याकडचे. आवाज असा की ताडावरचे कावळे उडावेत. "ए वऱ्हाडी! देवळात आलायस का? बूट घाल!"

"साहेब, खळं हाय."

"खळं हाय, तर?"

"खळ्यात जोड्यानिशी नाई जात, साहेब. आमच्याकडं नाई जात."

"हितं तुझं सासर हाय व्हय? सुरुंगावर पाय पडला तर अनवाणी असलास काय आन् बुटात असलास काय! घाल म्हणतो ना!"

मी घातले नाहीत. हट्टी माणूस. अनवाणी आत गेलो, धान्याच्या राशीला हात लावला, हात कपाळाला लावला, गंजी बघितली, बाहेर आलो. सगळी पलटण हसली. म्हातारा हसला नाही. त्यानं बैल थांबवले होते आणि तो माझ्या पायांकडे बघत होता. मी त्याला मनातल्या मनात अय्या म्हणू लागलो. तिकडे म्हाताऱ्या माणसाला तसं म्हणतात. त्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर रोजच आम्ही चौकीजवळच्या त्या खळ्यावरून जायचो. बोलणं नाही, हात करणं नाही. आमच्याशी बोललेलं दिसणं चांगलं नव्हतं. आम्ही निघणार ही बातमी जंगलातून आमच्याशी लढणाऱ्यांना आमच्या आधी होती. एक चौकी आम्ही सोडली की दिवस मावळायच्या आत तिथं ते येऊन बसत. आणि ज्यानं आम्हाला पाणी दिलं, रस्ता दाखवला, त्याला शोधून काढत. हे आम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहून मला सुटता येईल, पण मी तसं लिहिणार नाही.

निघायला आठ दिवस उरले असतील. खळ्यापलीकडून एक पायवाट बांधावरून जायची, तिच्यावरून गेलं की निम्मा फेरा वाचायचा. त्या दिवशी पुढं मी होतो. बांधाकडे वळलो. अय्या बैलांमागं चालत होता. त्यानं मान वर केली नाही, पाय थांबवला नाही. फक्त डावा हात कमरेजवळ, कुणाला दिसेल न दिसेल असा, दोनदा हलवला. नको. नको.

मी जागीच थांबलो. मागून हवालदार आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बांधाकडे बघितलं, आणि पोटावर पडून सळईनं माती टोचायला लागले. माझ्यापासून सहा पावलांवर तो सुरुंग निघाला. सहाच पावलं. मी पुढं किती तरी वर्षं घरच्या अंगणात सहा पावलं टाकून बघत असे.

चौकीवर आल्यावर हवालदारांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. ओरडले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं काय केलं ते कुणी बघितलं नाही. आजपासून तिकडं मान वळवायची नाही. राम-राम नाही, हसणं नाही. बघितलं कुणी, तर डोळं काढून हातात दीन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला निराळं सांगतोय. त्या खळ्यात आता पाय टाकायचा नाहीस. बुटानं नाही आन् अनवाणीबी नाही."

मी हो म्हणालो.

आता इथं मला माझा स्वभाव सांगावा लागतो. मी कोणाचा मिंधा राहत नाही. कोणी मला चहा पाजला तर दुसऱ्या दिवशी त्याला पाजल्याशिवाय मला जेवण जात नाही. माझा बापही तसाच होता. आमच्याकडे गाव सोडून निघताना माणूस घरोघर जातो, 'येतो बरं' म्हणतो. आणि ज्यानं केलं-सवरलं त्याच्याकडे रिकाम्या हातानं जात नाही. आणि इथं एका माणसानं मला जीव दिला होता, आणि मी त्याच्याकडे न बघता, चोरासारखा जहाजात बसून घरी जाणार होतो. ते मला सहन होईना. सात दिवस मी मनाला आवरलं. शेवटच्या दिवशी नाही आवरता आलं.

दुपारची वेळ होती. सामान बांधून झालं होतं, सकाळी निघायचं होतं. हवालदार गाड्यांपाशी गुंतलेले. आणि आभाळ भरून आलं. तसलं अवेळी आभाळ आमच्याकडेही मळणीत येतं, आणि मग सारं गाव राशीकडे धावतं. मी चौकीच्या तटावरून बघितलं तर अय्याची रास उघडी. तो झावळ्यांच्या दोन चटया घेऊन इकडून झाकत होता, तिकडून उघडी पडत होती. माझ्या डोक्यात फौज राहिली नाही, लढाई राहिली नाही. धान भिजून राह्यलं, एवढंच राहिलं. मी माझ्या सामानातली फौजेची हिरवी ताडपत्री काढली, काखेत मारली आणि भर दिवसा, वर्दीत, रस्ता ओलांडून गेलो.

बूट काढायला विसरलो नाही.

अय्यानं मला बघितलं आणि हात हलवला. तसाच, दोनदा. मी ताडपत्री पुढं केली. त्यानं हात जोडले आणि मान हलवली. मी म्हणालो, "राहू द्या अय्या, घ्या." मराठीतच म्हणालो. त्यानं ती माझ्या छातीशी परत लोटली. मी पुन्हा त्याच्या हातात कोंबली.

आमच्याकडे पाहुणा कधी पहिल्यांदा हो म्हणतो काय? पोळी वाढायला गेलं तर तो ताटावर हात धरतो. वाढणाऱ्यानं तो हात बाजूला करून वाढायचं असतं. नाही म्हणणं ही त्याची रीत, ऐकून न घेणं ही आपली. मी आयुष्यभर असाच वाढत आणि जेवत आलो होतो. मला वाटलं, म्हातारा रीतीचा माणूस आहे. मी माझ्या हातानं ती ताडपत्री राशीवर पांघरली. त्यानं एक कोपरा उचलला, मी तो खाली ओढला. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. चांगले जड, वाऱ्यानं उडू नये असे.

मग तो काही करायचा थांबला. जागीच खाली बसला. रस्त्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. मला वाटलं, माणूस गहिवरला. मला तेव्हा एवढं बरं वाटलं. मी त्याच्या पायाला हात लावला आणि शीळ घालत परत आलो.

पाऊस आला. धो धो आला. मी चौकीत बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, घ्या, एका माणसाचं तरी धान वाचलं. आता वाटतं, त्यानं ताडपत्री काढून विहिरीत टाकायला हवी होती. का नाही टाकली? पण शेतकरीच तो. पडत्या पावसात राशीवरचं पांघरूण कोण काढतं?

सकाळी गाड्या निघाल्या. आभाळ धुतल्यासारखं, ताडांवर ऊन. जवान गात होते. मी मागच्या फळीशी बसलो होतो, समोर हवालदार. खळं आलं. मी मान वळवली.

रास उघडी होती. भिजून काळपटलेली. बैल नव्हते, खांब तसाच होता. ताडपत्री रस्त्याच्या कडेला होती. नीट पसरलेली. तिच्या एका टोकातून दोन पाय बाहेर आलेले.

म्हाताऱ्या माणसाचे पाय. पावसानं धुऊन निघालेले, टाचा भेगाळलेल्या, भेगांत भाताचा भुसा. ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते.

गाणं थांबलं. आधी पुढच्या गाडीतलं, मग आमच्यातलं. मी उठलो, फळीवर मुठी मारल्या, "थांबवा, गाडी थांबवा" म्हणून ओरडलो. हवालदारांनी माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. गाडी थांबणार नव्हती. त्या रस्त्यावर त्या दिवशी कोणासाठीच थांबणार नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं, आता मारतील. मारावं असं वाटत होतं. त्यांनी मारलं नाही, शिवीही दिली नाही. बंदर येईपर्यंत मनगट मात्र सोडलं नाही.

जहाजावर सामानाची तपासणी झाली. तपासणाऱ्यानं विचारलं, "ताडपत्री कुठंय?" हवालदार मागं उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "हरवली म्हण."

"हरवली," मी म्हणालो.

एवढंच. लंकेतून मी एवढंच बोलून आलो.

वर्ध्याच्या स्टेशनावर उतरलो तर आमच्याकडेही पळस फुललेला. घरी हार, गुलाल, आईनं भाकर ओवाळून टाकली. बाप म्हणाला, "चाल, आधी खळ्यावर चाल. राशीच्या पाया पड." मी गेलो आणि कडेला उभा राहिलो. पाय आत जाईना. बापाला वाटलं, नोकरीनं पोराला माज आला. पुढं बाप गेला, थ्रेशर आलं, मग हे हार्वेस्टर आलं, खळी मोडली. मला सुटल्यासारखं झालं होतं. पण वास कुठं मोडतो?

एक गोष्ट मात्र माझ्यातून कायमची गेली. कोणी नको म्हटलं की माझा हात तिथंच थांबतो. पाहुण्यानं ताटावर हात धरला की मी वाढपाचं भांडं घेऊन मागं फिरतो. घरवाली चारचौघांत चेष्टा करते, "यायच्या हातून वाढून घ्याल तं उपाशीच उठान." लोक म्हणतात, म्हातारा गर्विष्ठ आहे, कोणाला या-बसा करत नाही. म्हणोत. गर्विष्ठ तर मी आहेच.

यंदा होळीला माझी मुलगी सुनंदा आली होती. तिला सेलूला दिली आहे. हार्वेस्टरच्या दिवशी यंत्रवाल्यानं मला धरून घरी आणलं, ते तिनं बघितलं. दुपारी माझ्यासमोर हरभरा निवडत बसली आणि म्हणाली, "बाबा, काय झालं थे सांगा. ऊन-गिऊन मले सांगू नोका."

मी सांगितलं. तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तिचे हात सुपात थांबले. तिनं विचारलं, "तोंड पाह्यलं काय तुमी त्याचं?"

"नाई. पायच."

"मंग थोच होता कायवरून?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. आणि पडल्यावर सुटका होईल असं वाटावं, तर तसंही झालं नाही. दुसराच कोणी म्हातारा होता असं धरलं, तरी त्याच्या अंगावर पांघरूण माझंच होतं.

"अन् थोच असन," ती म्हणाली, "तरी त्याले हात हालवताना कोनी आधीच पाह्यलं असन. तुमी नसते गेले तरी त्याईनं त्याले..."

"मले सोडवू नोको," मी ओरडलोच. "तुले समजत नाई. मी गेलो म्हनून थो मेला, हे मले पेलते. आपण काई केलं नसतं तरी मेलाच असता, हे मले पेलत नाई."

सुपातला हरभरा या कडेचा त्या कडेला गेला. मग खाली बघूनच म्हणाली, "म्हनून तुमी मले कधी राह्य म्हटलं नाई काय बाबा? लगन झाल्यापासून एकदाबी नाई. मी जातो म्हटलं का तुमी म्हनता, बरं. मी फाट्यावर जाऊन रडतो दरवेळी. मले वाटे, बाबाले मी जडच हाय."

लंकेतल्या त्या सकाळी गाडीत जसा बसलो होतो तसा मी बसून राहिलो. एका माणसाचा हिशोब करत मी आयुष्य काढलं, आणि दुसरं माणूस माझ्याच उंबऱ्यावरून दरवेळी असं परत जात होतं.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. मी तिची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेलो. कधी जात नाही, पण गेलो. जामहून वर्ध्याकडे जाणारी एसटी दूर वळणावर दिसायला लागली. ती म्हणाली, "जातो बाबा."

"राह्य," मी म्हणालो. "दोन दिवस राह्य."

"नाई बाबा, घरी काम पडून हाय."

माझं तोंड मिटलं. ती हलली नाही. पिशवीसाठी हात पुढं केला नाही, रस्त्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत उभी होती. ती दुसऱ्यांदा म्हणायची वाट बघत होती, हे मला समजत होतं. तिच्या नाहीत नाही नव्हतं, हेही समजत होतं. तरी तोंड उघडेना. पिशवीचे बंद मुठीत रुतले. एसटी आली, थांबली. कंडक्टरनं दार उघडून आम्हा दोघांना बघितलं, "येता काय बाई?" म्हणून विचारलं, ती चढली नाही तशी घंटी मारली आणि गाडी धूळ उडवत निघूनही गेली. मी अजून तोंड उघडायच्याच खटपटीत होतो.